विंडो उघडण्याआधीचं गणित: नव्या हंगामासाठी फुटबॉल संघ कसा बांधतात

उन्हाळ्यातली खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, म्हणजे ट्रान्सफर विंडो, संपली की कोणत्या क्लबने बाजी मारली याची चर्चा नावांवरून होते. मोठं नाव आलं की विंडो चांगली, नाही आलं की मालकाच्या नावाने खडे फोडायचे. क्लबच्या आतलं काम मात्र या नावांच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. नाव हा त्या कामाचा बराच उशिराचा टप्पा.

हे काम कसं चालतं ते पायरीपायरीने पाहू. तुम्ही खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवणाऱ्या स्पोर्टिंग डायरेक्टरच्या खुर्चीत बसला आहात असं समजा. आवडत्या क्लबचा ताळेबंद स्वतः मांडून पाहायचा असेल किंवा कॉम्प्युटरवरच्या मॅनेजर गेममध्ये संघ चालवायचा असेल, तरी हाच क्रम उपयोगी पडतो. माझ्या मते संघबांधणीत सगळ्यात आधी मोजायची गोष्ट पैसा नाही, मिनिटं. कोण किती मिनिटं खेळणार हे ठरलं की वय, करार, पगार सगळं त्याभोवती बसवता येतं. ते न ठरवता आणलेला खेळाडू कितीही गुणी असला तरी दोन वर्षांत लोनवर (दुसऱ्या क्लबकडे उसना) जातो.

पायरी 1: मिनिटांचा तक्ता

एक साधी स्प्रेडशीट उघडा. 20 संघांच्या लीगमध्ये 38 सामने होतात. प्रत्येकी 90 मिनिटं धरली तर एका जागेची 3,420 मिनिटं आणि 11 जागांची मिळून 37,620. तुमचा क्लब युरोपातल्या क्लब-स्पर्धांत खेळत असेल आणि देशांतर्गत कपमध्ये थोडा पुढे जात असेल, तर हंगामाचे 55 सामने सहज होतात. म्हणजे एका जागेची 4,950 मिनिटं, एकूण 54,450. ही तुमची शिधासामग्री. यापेक्षा एक मिनिटही जास्त वाटता येत नाही.

आता प्रत्येक जागेसमोर पहिला खेळाडू, दुसरा खेळाडू आणि अडीअडचणीचा तिसरा लिहा. त्यापुढे गेल्या दोन-तीन हंगामांत तो प्रत्यक्षात किती मिनिटं उपलब्ध होता ते लिहा. नुसतं "तब्येतीने नाजूक आहे" असं म्हणून भागत नाही. उजव्या फुलबॅकचं, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूचं, उदाहरण घ्या. पहिला खेळाडू साधारण तीन-चतुर्थांश वेळ तंदुरुस्त असतो, म्हणजे 4,950 पैकी जवळपास 3,700 मिनिटं त्याची. उरली 1,250. ही मिनिटं कोणाला द्यायची? अकादमीतल्या 18 वर्षांच्या मुलाला यातली 600 देता येतील, बाकीची मधल्या फळीतला एखादा खेळाडू तिथे सरकवून भरता येतील. की या 1,250 मिनिटांसाठी 3 कोटी युरोचा फुलबॅक आणायचा? आणलात, तर तो एवढ्यावर समाधानी राहील का?

तक्ता भरला की दोन प्रकारची भोकं दिसतात. काही जागांवर माणूसच नसतो. काही जागांवर माणूस असतो, पण तो पहिल्यापेक्षा इतका वेगळा खेळतो की तो आला की सगळ्या संघाला खेळ बदलावा लागतो. दुसरं भोक जास्त धोक्याचं, कारण ते कागदावर दिसत नाही. मँचेस्टर सिटीचा रॉड्री सप्टेंबर 2024 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. मधल्या फळीत खेळाडू होते, त्याचं काम करणारा नव्हता. पुढचे दोन-तीन महिने सिटीचा संघ ओळखू येईनासा झाला आणि जानेवारीत क्लबला भराभर खरेदी करावी लागली.

मिनिटं मांडताना दिनदर्शिकाही जवळ ठेवा. आफ्रिकन नेशन्स कप हंगामाच्या मध्यावर येतो आणि एका संघातले तीन-चार खेळाडू त्यात जाऊ शकतात. जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेनचे एडमंड टॅप्सोबा, ओडिलॉन कोसुनू आणि अमीन अदली जानेवारी 2024 मध्ये असेच गेले. स्ट्रायकर व्हिक्टर बोनिफेस तर स्पर्धेआधीच जखमी झाला, तेव्हा क्लबने बोर्हा इग्लेसियासला लोनवर आणलं. बचावात मात्र बदली माणूस आधीपासून घरात होता, त्याच्याकडे पुढे येऊ.

गोलरक्षकांवर फार वेळ घालवू नका. एक पक्का, एक समजूतदार दुसरा आणि एक तरुण. समजूतदार हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण तो वर्षभर बाकावर बसणार आहे.

पायरी 2: वय आणि करार एकाच कागदावर

त्याच शीटमध्ये दोन रकाने वाढवा: वय आणि कराराची उरलेली वर्षं. मैदानातल्या खेळाडूंचा भर साधारण 24 ते 29 या वयात असतो. तुमच्या मिनिटांपैकी निम्म्याहून जास्त तिशी ओलांडलेल्यांकडे जात असतील, तर तुमचा संघ चांगला खेळत असतानाच म्हातारा होतो आहे. लिव्हरपूलच्या मधल्या फळीचं तेच झालं. शेवटी 2023 च्या एकाच उन्हाळ्यात हेंडरसन, फॅबिन्यो, मिल्नर, केटा आणि ऑक्सलेड-चेंबरलेन असे पाच जण गेले आणि मॅक अॅलिस्टर, सोबोस्लाई, एंदो, ग्रावेनबर्ख हे चौघे आले. बदल जमून आला. पण एका विंडोत अख्खी फळी बदलणं हा जुगार आहे. दरवर्षी एक-दोन बदलत गेलं की ती वेळ येत नाही.

करारात उरलेल्या दोन वर्षांवर लक्ष ठेवा, तिथे निर्णय घ्यावाच लागतो. दोन वर्षं उरली की एक तर नवा करार, नाही तर विक्री. एक वर्ष उरलं की भाव कोसळतो. सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार उघडपणे करू शकतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. डिसेंबर 1995 च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि हा बाजार उभा राहिला. रिआल माद्रिदने त्याचा पुरेपूर फायदा घेतला: 2021 मध्ये अलाबा, 2022 मध्ये र्युडिगर, 2024 मध्ये एम्बापे. तिघेही करार संपवून आलेले. अर्थात फ्री ट्रान्सफर म्हणजे फुकट नव्हे. वाचलेल्या रकमेचा मोठा हिस्सा खेळाडूच्या सहीचा बोनस, वाढीव पगार आणि एजंटची फी यात जातो.

पायरी 3: नोंदणीचे नियम आधी वाचा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर पुढचं सगळं वाया. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 25 जणांची यादी द्यावी लागते आणि त्यात जास्तीत जास्त 17 जण "होमग्रोन" नसलेले चालतात. वयाची 21 वर्षं पूर्ण होण्याच्या हंगामापर्यंत तीन हंगाम किंवा 36 महिने इंग्लंड-वेल्समधल्या क्लबकडे नोंद असलेला खेळाडू होमग्रोन. राष्ट्रीयत्वाचा संबंध नाही. 21 वर्षांखालच्यांना या यादीत जागा अडवावी लागत नाही. युएफाच्या (युरोपीय फुटबॉल महासंघाच्या) स्पर्धांत 25 च्या यादीतल्या 8 जागा स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात. त्यातही क्लबच्या स्वतःच्या मुशीतून आलेल्यांसाठी निदान 4. तेवढे खेळाडू नसतील तर यादीच छोटी होते.

इंग्लंडमधला बरा, मध्यम दर्जाचा देशी खेळाडू इतका महाग का, याचं उत्तर इथे आहे. त्याच्या खेळाबरोबर तुम्ही यादीतली एक जागाही विकत घेत असता.

पायरी 4: खिशात नेमकं किती आहे

सगळ्यात जास्त गैरसमज या पायरीवर आहेत. "त्यांनी 5 कोटी उधळले, मग आता पैसे नाहीत म्हणून रडतात कसे?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकू येतो.

खेळाडूची किंमत हिशेबात एकदम खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांत विभागली जाते. 5 कोटी पाउंडचा खेळाडू 5 वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी 1 कोटी. आठवड्याला 1 लाख पाउंड पगार धरला तर वर्षाचे 52 लाख. म्हणजे त्याचा वार्षिक बोजा 1 कोटी 52 लाख. तुमच्या शीटमध्ये हाच आकडा लिहायचा. वर्तमानपत्रातले 5 कोटी नाहीत.

विक्रीचा हिशेब याच्या उलट. 4 कोटीला 5 वर्षांसाठी घेतलेल्या खेळाडूची 3 वर्षांनंतर पुस्तकी किंमत (अजून खर्ची न पडलेली रक्कम) उरते 1 कोटी 60 लाख. तो 2 कोटीला विकला तर 40 लाख नफा लागतो आणि तोही त्याच वर्षाच्या खात्यात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, निम्म्या किमतीला विकला. अकादमीतून आलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे त्याची सगळी विक्री नफा. चेल्सीने मेसन माउंटला 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडला 5.5 कोटी पाउंडला विकलं, ती रक्कम जवळपास संपूर्ण नफ्यात गेली. घरच्या पोराला विकण्याचं बक्षीस देणारा हा नियम मला कधीच पटलेला नाही, पण आहे तो असा आहे.

जानेवारी 2023 मध्ये एन्झो फर्नांडेझ चेल्सीकडे आला तो 10.68 कोटी पाउंडला, साडेआठ वर्षांच्या करारावर. भागाकार करा: वर्षाला साधारण 1.26 कोटी. पाच वर्षांत विभागलं असतं तर 2.14 कोटी. युएफाने 2023 च्या उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्या डिसेंबरमध्ये ही विभागणी जास्तीत जास्त 5 वर्षांची केली. करार आजही आठ वर्षांचा करता येतो, हिशेब मात्र पाचांत बसवावा लागतो.

मर्यादा दोन बाजूंनी येतात. युएफाच्या नियमानुसार खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, ही वार्षिक विभागणी आणि एजंटांची फी मिळून महसुलाच्या ठरावीक टक्क्यांत राहिली पाहिजे. 2023-24 मध्ये ती मर्यादा 90 टक्के होती, मग 80, आणि 2025-26 पासून 70. महसुलात खेळाडूविक्रीचा नफा धरला जातो. प्रीमियर लीगने बरीच वर्षं तीन हंगामांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पाउंड तोट्याची मुभा ठेवली होती. एव्हर्टनचे 2023-24 मध्ये त्यापायी दोन प्रकरणांत मिळून 8 गुण गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4.

फॉरेस्टची गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे. त्यांचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपत होतं. ब्रेनन जॉन्सनला तोवर विकलं असतं तर हिशेब बसला असता, पण तेव्हा हवा तसा भाव येत नव्हता. क्लब थांबला, 1 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमने 4.75 कोटी पाउंड मोजले. जास्त पैसे मिळवले हा आमचा शहाणपणाच, असा क्लबचा युक्तिवाद होता. लीगच्या स्वतंत्र आयोगाने तो मानला नाही. तुमच्या शीटच्या डोक्यावर 30 जून ही तारीख लाल अक्षरांत लिहा. विंडो कधीही बंद होवो, वही त्या दिवशी बंद होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लिश क्लब एकमेकांची अकादमीतली पोरं घाईघाईने विकत घेताना दिसतात ते यामुळेच.

पायरी 5: आधी जाणारे ठरवा

येणाऱ्यांच्या आधी जाणाऱ्यांची यादी. हा क्रम उलटला की काय होतं ते बार्सिलोनाने दाखवलं. ऑगस्ट 2017 च्या सुरुवातीला नेमार 22.2 कोटी युरोला गेला. बार्सिलोनाच्या खिशात किती पैसे आहेत आणि वेळ किती उरला आहे, हे सगळ्या युरोपला माहीत होतं. मग डेंबेलेसाठी 10.5 कोटी युरो आणि वर जोडरकमा (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की द्यायचे पैसे) मोजाव्या लागल्या, जानेवारीत कुटिन्योसाठी त्याहून जास्त. विक्रेत्याला तुमची गरज कळली की भाव तोच ठरवतो.

ब्रायटनची पद्धत याच्या अगदी विरुद्ध. मधल्या फळीतल्या मोइसेस कायसेडोला त्यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये इक्वेडोरमधून आणलं, बेल्जियममध्ये लोनवर पाठवलं, जानेवारी 2022 मध्ये परत बोलावून हंगामाच्या शेवटी खेळवून पाहिलं. मग जून 2022 मध्ये त्याच फळीतल्या इव्ह बिसुमाला टॉटनहॅमला विकलं. बदली माणूस विक्रीच्या वेळी घरातच होता, त्यामुळे कोणाच्या दारात जायची वेळ आली नाही. वर्षभराने कायसेडोच चेल्सीला 10 कोटी पाउंड अधिक जोडरकमांना गेला.

तेव्हा प्रत्येक मोठ्या खेळाडूसमोर दोन गोष्टी लिहून ठेवा: कितीला देऊ आणि गेला तर त्याची मिनिटं कोण घेईल. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यातला आकडा वाढवा.

न लागणाऱ्या खेळाडूंना काढणं हे त्याहून किचकट काम. पगार मोठा, मिनिटं कमी, बाहेर तेवढा पगार कोणी देत नाही. इथे थोडा तोटा सोसून जुलैतच मोकळं व्हावं. ऑगस्टच्या शेवटी तोच खेळाडू लोनवर जातो आणि अर्धा पगार तुम्हीच भरत राहता. शिवाय फिफाच्या नियमाने 2024 पासून आंतरराष्ट्रीय लोनवर एका वेळी 6 जणच पाठवता येतात. 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू यातून वगळले आहेत. लोनची गोदामं भरून ठेवायचे दिवस गेले.

पायरी 6: भूमिका लिहा, मग माणूस शोधा

"आम्हाला स्ट्रायकर हवा" हे वाक्य कामाचं नाही. प्रशिक्षकाबरोबर बसून अर्धं पान लिहा: चेंडू आपल्याकडे असताना तो कुठे उभा असेल, नसताना दाब कोणावर टाकेल, उंच चेंडूंवर भर आहे की मागच्या मोकळ्या जागेत धावण्यावर, कोणाच्या शेजारी खेळणार, किती मिनिटं खेळणार. हे पान प्रशिक्षक बदलला तरी निम्म्याहून जास्त टिकलं पाहिजे. टिकत नसेल तर तुम्ही क्लबसाठी नव्हे, एका माणसासाठी खरेदी करत आहात, आणि प्रशिक्षकांच्या खुर्च्या फार काळ टिकत नाहीत.

ब्रेंटफर्डने हे सलग करून दाखवलं. 2019 मध्ये नील मोपे ब्रायटनला विकला, तेव्हा नवा स्ट्रायकर शोधण्याऐवजी विंगवर खेळणाऱ्या ऑली वॉटकिन्सला मध्यभागी आणलं. त्याने हंगाम गाजवला आणि 2020 मध्ये अॅस्टन व्हिलाकडे गेला. मग पीटरबरोतून आयव्हन टोनी आला. त्याने चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, 31 गोल केले आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला. तिघांचे स्वभाव वेगळे, अंगकाठी वेगळी. त्यांना दिलेलं काम मात्र बरंचसं सारखं.

याच्या दुसऱ्या टोकाला टॉटनहॅमचं 2013. गॅरेथ बेल माद्रिदला 8.5 कोटी पाउंडला निघाला आणि त्या पैशांच्या भरवशावर सात खेळाडू आले: सोल्डाडो, लमेला, पॉलिन्यो, एरिक्सन, चाडली, कापू, किरिकेश. एरिक्सन मोठा खेळाडू ठरला, लमेलाही पुढे बरीच वर्षं टिकला. पण सात नव्या माणसांना एकाच वेळी मिनिटं कुठून देणार? डिसेंबरमध्ये प्रशिक्षक गेला, हंगामअखेर संघ सहावा, आदल्या वर्षी होता पाचवा. पायरी 1 चा तक्ता समोर असता तर सातांचा आकडा तिथेच अडला असता. पहिल्या अकरांत एका उन्हाळ्यात तीन, फार तर चार नवे चेहरे. त्यापलीकडे गेलात तर पहिले दोन-तीन महिने गुण सांडतील हे गृहीत धरा.

तरीही मोठा बदल जमल्याचं अलीकडचं उत्तम उदाहरण आहे, म्हणून 2023 चं लेव्हरकुसेन जवळून पाहू. आदल्या हंगामात संघ सहावा आला होता. शाबी अलोन्सोला प्रशिक्षक होऊन काही महिनेच झाले होते, पण तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव आणि आक्रमण दोन्ही करणारे) ही रचना पक्की झाली होती. क्रीडा विभाग सिमॉन रॉल्फेसच्या हातात. सगळ्यात वेगवान आक्रमक मुसा डियाबी व्हिलाला विकला. मग कामं वाटून माणसं आणली. खेळाची लय धरायला आर्सेनलमधून तिशी गाठलेला ग्रानित झाका. डाव्या विंगबॅकच्या जागी बेन्फिकाचा करार संपवून आलेला अलेहांद्रो ग्रिमाल्डो, ज्याने त्या हंगामात बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, 10 गोल केले. पुढे अंगाने भक्कम बोनिफेस. योनास हॉफमन, कारण लीग ओळखणारा आणि न सांगता दाब टाकणारा माणूस हवा होता. उजवीकडे नेथन टेला. आणि बायर्न म्युनिककडून लोनवर योसिप स्टानिशिच, जो सेंटर-बॅकही (मधला बचावपटू) खेळतो आणि विंगबॅकही.

या स्टानिशिचकडे नीट बघा. उन्हाळ्यात त्याच्या बातमीला कोपऱ्यातली जागा मिळाली होती. जानेवारीत दोन सेंटर-बॅक आफ्रिकेत असताना त्याची किंमत कळली. फेब्रुवारीत तो आपल्याच मूळ क्लबविरुद्ध खेळला, बायर्नवरच्या 3-0 विजयातला पहिला गोल त्याचा. (प्रीमियर लीगमध्ये लोनवरच्या खेळाडूला मूळ क्लबविरुद्ध खेळता येत नाही.) लेव्हरकुसेनने बुंडेसलिगा एकही सामना न हरता जिंकली. सगळ्या स्पर्धा धरून 53 सामन्यांत एकच पराभव, युरोपा लीगच्या अंतिम फेरीत अटलांटाकडून.

पायरी 7: नावांची यादी

आता कुठे नावं. प्रत्येक भूमिकेसाठी आकडेवारीतून वीस-पंचवीस, व्हिडिओ पाहून आठ-दहा, प्रत्यक्ष मैदानावर बघून तीन. शेवटच्या तिघांना बाहेरच्या मैदानावर, हरत असताना बघा. घरच्या मैदानावर 3-0 ने पुढे असताना सगळेच शहाणे दिसतात.

आकडेवारीत लीगचा फरक वजा करायला विसरू नका. नेदरलँड्स किंवा पोर्तुगालमधल्या मोठ्या क्लबचा आक्रमक आठवड्यामागून आठवडे मागे बसलेल्या संघांविरुद्ध खेळतो. मोकळ्या जागेत तो कसा धावतो हे तुम्हाला फक्त युरोपातल्या सामन्यांत दिसेल. उलट कमकुवत संघातला मिडफिल्डर चेंडू हिसकावण्यात अव्वल दिसतो, कारण त्याच्या संघाकडे चेंडू नसतोच. लेस्टरने 2015 मध्ये कांटेला फ्रान्सच्या कां (Caen) या क्लबातून 56 लाख पाउंडला घेतलं, तेव्हा त्याचे आकडे कोणालाही बघता येत होते. लेस्टरला त्यामागचा खेळाडूही दिसला.

यादीत चौथं नाव नेहमी घरातलं ठेवा. 2024 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला बचावापुढे खेळणारा मिडफिल्डर हवा होता. रिआल सोसिएदादच्या मार्टिन झुबिमेंडीने तिथेच राहायचं ठरवलं. प्रशिक्षक अर्ने स्लॉटने दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या मागे न लागता आदल्या वर्षी आलेल्या, जेमतेम संधी मिळालेल्या रायन ग्रावेनबर्खला तिथे उभं केलं. त्या हंगामात खेळायला म्हणून त्या विंडोत नवा आला तो फक्त फेडेरिको किएझा, आणि तोही फारसा खेळला नाही. लिव्हरपूल विजेते झाले. खरेदी न करणं हाही निर्णय असतो, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही.

थांबण्याचंही तसंच. व्हर्जिल व्हॅन डाइक 2017 च्या उन्हाळ्यात मिळाला नाही, तेव्हा लिव्हरपूलने पर्यायी सेंटर-बॅक घेतला नाही; जानेवारीत 7.5 कोटी पाउंड देऊन त्यालाच आणलं. हे जमायला तोवर निभावून नेणारे खेळाडू लागतात. नसतील तर थांबण्याचा हट्ट महागात पडतो.

पायरी 8: सौदा

एकूण रक्कम हा सौद्याचा एक भाग. किती हप्ते, किती वर्षांत, कोणत्या अटीवर जोडरकमा, हे तितकंच मोलाचं. विकत घेताना जोडरकमा यशाला बांधा: अमुक सामने, चॅम्पियन्स लीगसाठी पात्रता. यश आलं तर पैसेही आलेले असतील. विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा मागा, विशेषतः पोरगा विशीच्या आत असेल तर. लंडनच्या क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) क्लबने रहीम स्टर्लिंगला पंधराव्या वर्षी लिव्हरपूलकडे सोडताना ही अट घातली होती आणि 2015 मध्ये तो 4.9 कोटी पाउंडला सिटीला गेला तेव्हा त्यांना घरबसल्या वाटा मिळाला.

बाहेर पडण्याची किंमत करारात लिहिली असेल तर वाटाघाटी उरतच नाहीत. सिटीने 2022 मध्ये हालांडला याच वाटेने, 6 कोटी युरोला उचललं. मात्र अशा सौद्यात क्लबकडून वाचलेलं खेळाडू आणि एजंट मागून घेतात, तेव्हा पुन्हा वार्षिक बोजाचाच आकडा बघा. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये रकमेचे 5 टक्के खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. ते कोण कापणार हे आधीच लिहून घ्या.

पगाराच्या उतरंडीला धक्का लावू नका. नवा माणूस जुन्या कर्णधाराच्या दीडपट पगारावर आला की सप्टेंबरमध्ये चार एजंटांचे फोन येतात.

पायरी 9: मेडिकल आणि कागद

मेडिकल, म्हणजे सहीआधीची वैद्यकीय तपासणी, ही नुसती औपचारिकता नाही. एप्रिल 2000 मध्ये मँचेस्टर युनायटेडला रूड व्हॅन निस्टलरॉयच्या गुडघ्याची शंका आली आणि सौदा अडला. लगेचच सराव करताना त्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. युनायटेडने वर्षभर वाट पाहून 2001 मध्ये 1.9 कोटी पाउंडला त्यालाच घेतलं आणि त्याने क्लबसाठी 150 गोल केले. डॉक्टरांचा अहवाल वाचून सौदा फेकून द्यायचा की पुढे ढकलायचा, की रक्कम सामन्यांच्या संख्येला बांधायची, हे तुम्हाला ठरवायचं असतं.

कागदांचं वेळापत्रक दयामाया दाखवत नाही. लेस्टरने ऑगस्ट 2017 च्या शेवटच्या रात्री अॅड्रियन सिल्वाचे कागद पाठवले ते 14 सेकंद उशिरा. फिफाने नोंदणी नाकारली, तो जानेवारीपर्यंत खेळू शकला नाही. इंग्लंडमध्ये मुदतीआधी "डील शीट" (सौदा ठरल्याचा कागद) पाठवली तर उरलेल्या कागदांसाठी 2 तास जादा मिळतात, पण परदेशी खेळाडूचे आंतरराष्ट्रीय कागद त्या सवलतीने सुटत नाहीत. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे 2021 पासून, बाहेरच्या खेळाडूला कामाच्या परवान्यासाठी गुण भरावे लागतात आणि 18 वर्षांखालचा मुलगा परदेशातून आणताच येत नाही. स्पेनमध्ये तर सही झाली तरी पगारमर्यादेत बसल्याशिवाय नोंदणी होत नाही. बार्सिलोनाने 2024 मध्ये दानी ओल्मोला घेतलं, जखमी ख्रिस्तेन्सेनच्या पगाराच्या जागेत त्याची अर्ध्या हंगामाची नोंद केली आणि जानेवारी उजाडताच तो पुन्हा अधांतरी लटकला. शेवटी सरकारी क्रीडा परिषदेच्या तात्पुरत्या आदेशावर तो खेळला.

पायरी 10: ऑगस्टचे शेवटचे दहा दिवस

प्रीमियर लीगने 2018 आणि 2019 मध्ये हंगाम सुरू होण्याआधीच आपली विंडो बंद करून पाहिली. बाकी युरोप उघडाच होता, त्यामुळे खेळाडू जात होते आणि बदली आणता येत नव्हते. 2020 पासून जुनी पद्धत परत आली. म्हणजे दोन-तीन सामने झाल्यावरही दार उघडं असतं आणि त्या दोन-तीन निकालांवरून घाबरून खरेदी करण्याचा मोह होतो.

तो टाळायचा तर 20 ऑगस्टच्या सुमारास पहिल्या पायरीचा तक्ता पुन्हा भरा. प्री-सीझनमध्ये कोण जखमी झालं, कोणत्या पोराने अपेक्षेपेक्षा जास्त मिनिटं कमावली, कोणाचा विक्रीचा सौदा अजून लटकतो आहे. ज्या जागेवर हजाराहून जास्त मिनिटं बेवारस आहेत तिथेच खरेदी करा, तीही यादीतल्या तीन नावांपैकीच. यादीबाहेरचं नाव शेवटच्या दोन दिवसांत एजंटने फोनवर सुचवलं असेल तर फोन ठेवून द्या. थोडी पगाराची जागा आणि यादीतली एक जागा जानेवारीसाठी मोकळी सोडा. आणि जे राहिले आहेत पण ज्यांच्या वाट्याला फार मिनिटं नाहीत, त्यांना विंडो बंद होण्याआधी समोर बसवून ते स्पष्ट सांगा, म्हणजे जायचं असेल तर त्यांच्याही हातात चार दिवस असतील.